सूटर : माग, मागणी आणि दाद

शब्दांचे कूळ : साप्ताहिक लेखमाला

इंग्रजीतील 'सूटर' हा शब्द आज मुख्यतः तीन अर्थांनी वापरला जातो. एखाद्या स्त्रीने आपल्याशी लग्न करावे म्हणून तिची मनधरणी करणारा पुरुष, हा सर्वांत परिचित अर्थ. न्यायालयात दाद मागणारा पक्षकार, हा त्याहून जुना अर्थ. एखादी कंपनी विकत घेण्यासाठी पुढे आलेली दुसरी कंपनी, हा वृत्तपत्रांच्या आर्थिक पुरवण्यांमुळे रूढ झालेला नवा अर्थ. प्रियकर, वादी आणि खरेदीदार यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. शब्दाचा इतिहास पाहिला की संबंध उघड होतो. तिघेही कोणाच्या तरी मागे लागलेले आहेत, तिघेही काही मागत आहेत आणि तिघांच्याही मागणीचा निकाल दुसऱ्याच्या हाती आहे.

लॅटिन मूळ

शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'सेक्वी' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ 'मागे जाणे, अनुसरणे'. त्यापासून 'सेक्यूटर' म्हणजे मागे जाणारा, पाठलाग करणारा, हे नाम झाले. रोमन आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांच्या एका प्रकारालाही हेच नाव होते. त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी जाळे आणि त्रिशूळ घेऊन उतरे. चपळ जाळेवाला अंतर राखून मागे सरत राही आणि ढाल-तलवारवाला सेक्यूटर त्याच्या पाठीस लागे.

लॅटिनमधून हे क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये गेले आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंचबरोबर इंग्लंडात आले. राजदरबार, जमीनदारी आणि न्यायदान यांची भाषा पुढची काही शतके फ्रेंच राहिली. न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला तोच १३६२ मध्ये. त्यामुळे इंग्रजी कायद्याच्या शब्दसंग्रहातील मोठा भाग मूळचा फ्रेंच आहे, आणि 'सूट' व 'सूटर' हे शब्द त्याच वाटेने आले आहेत.

जमीनदाराच्या न्यायसभेतील हजेरी

इंग्रजीत आल्यानंतर 'सूटर' या शब्दाचा पहिला ठळक अर्थ प्रेमाशी संबंधित नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडात जमीन कसणारी कुळे सरदाराच्या आश्रयाने राहत आणि सरदार आपल्या इलाख्यापुरती न्यायसभा भरवी. साधारणपणे दर तीन आठवड्यांनी भरणाऱ्या या सभेला हजर राहणे हे अनेक कुळांवर जमिनीबरोबर आलेले बंधन होते. या बंधनाला 'सूट' म्हणत, आणि ते पाळणारा तो 'सूटर'. तेथे जमलेले सूटर केवळ प्रेक्षक नसत. गावची रूढी काय आहे हे तेच सांगत आणि निवाडाही त्यांच्याच तोंडून येई. हे बंधन इतके जाचक होते की १२३६ च्या मर्टनच्या कायद्याने स्वतंत्र कुळांना आपल्या जागी मुखत्यार पाठवण्याची मुभा दिली.

पुढे अर्थ सरकत गेला. न्यायसभेला हजर राहणारा तो सूटर, मग तेथे स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन येणारा तो सूटर, आणि पंधराव्या शतकापर्यंत 'दावा लावणारा' हा अर्थ पक्का झाला. 'सू' हे क्रियापद याच घरातले. त्याचा मूळ अर्थ मागे जाणे, नंतरचा अर्थ विनंती करणे आणि आजचा अर्थ कोर्टात खेचणे. राजाकडे किंवा बड्या सरदाराकडे अर्ज-विनंती घेऊन दारी तिष्ठणाऱ्यालाही त्या काळी सूटरच म्हणत.

दरबारातून प्रियाराधनात

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला नवे वळण मिळाले. दरबारात आर्जवे करणाऱ्या अर्जदाराची भाषा, त्याचे वारंवार खेटे घालणे आणि 'हो' किंवा 'नाही' ऐकण्यासाठी थांबणे, हे सारे लग्नासाठी स्त्रीची मनधरणी करणाऱ्या पुरुषाला लागू होत होते. एलिझाबेथच्या काळातील नाटककारांनी हा अर्थ घरोघर नेला. शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शियाला मागणी घालणारे राजपुत्र सोने, चांदी आणि शिसे यांच्या तीन पेट्यांपुढे उभे राहतात. योग्य पेटी निवडील त्याला पोर्शिया मिळेल, ही तिच्या दिवंगत वडिलांनी घातलेली अट आहे. नाटकात या उमेदवारांसाठी येणारा शब्द 'सूटर' हाच आहे. होमरच्या 'ओडिसी'तील नायकाची पत्नी पेनेलपी हिच्याशी लग्न करण्यासाठी तिच्या वाड्यात तळ ठोकून बसलेल्या पुरुषांनाही इंग्रजी अनुवादक याच नावाने ओळखतात. काव्यात त्यांची मोजदाद चार बेटांवरून आलेले ५२, २४, २० आणि १२, म्हणजे एकूण १०८, अशी दिली आहे.

इंग्रजीत या कामासाठी आधीपासून शब्द नव्हता असे नाही. 'वूअर' हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द आहे आणि त्याच्या मागचे मूळ अज्ञात आहे. 'स्वेन' हा जुन्या नॉर्स भाषेतून आला. तेथे त्याचा अर्थ पोरगा किंवा चाकर असा होता, नंतर खेडूत तरुण आणि शेवटी काव्यातला प्रेमी. 'बो' हा फ्रेंचमधला 'देखणा' या अर्थाचा शब्द. या तिघांत अर्जदाराची भूमिका नाही, ती केवळ 'सूटर'मध्ये आहे. प्रियाराधन करणे या अर्थाचे 'कोर्ट' हे क्रियापदही दरबारातूनच आले. दरबारी माणसासारखे अदबीने वागणे, खूश ठेवणे, मर्जी संपादणे आणि मग प्रेमयाचना करणे, असा त्याचा प्रवास झाला.

प्रेम आणि कोर्ट यांची ही जवळीक केवळ शब्दांपुरती राहिली नाही. लग्नाचे वचन देऊन ते मोडणाऱ्या पुरुषावर स्त्रीला भरपाईचा दावा लावता येत असे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधील बार्डेलबाईंचा दावा याच प्रकारचा आहे. गैरसमजातून उभ्या राहिलेल्या त्या खटल्यात ज्यूरी पिकविकसाहेबांना ७५० पौंड भरायला लावते. इंग्लंड आणि वेल्समध्ये वचनभंगाचा हा दावा १९७० च्या कायद्याने रद्द झाला.

शब्दाचा गोतावळा

'सेक्वी' या धातूची संतती मोठी आहे. मागोमाग येणारा म्हणून 'सेकंड', एकामागून एक म्हणून 'सीक्वेन्स', पुढचा भाग म्हणून 'सिक्वेल', बरोबर चालणारा लवाजमा म्हणून 'स्वीट' आणि त्यावरून हॉटेलातील एकमेकींना जोडलेल्या खोल्या. एका मेळाचे कपडे म्हणून अंगातला 'सूट', आणि पत्त्यांतील एका चिन्हाची १३ पाने म्हणूनही 'सूट'. मेळ बसणे या अर्थाचे 'सूट होणे' आणि 'सूटेबल' हे शब्दही इथलेच. खरेदीवर मिळणारी मराठी 'सूट' मात्र 'सुटणे'वरून आली आहे. तिचा या कुळाशी काही संबंध नाही.

भाषाशास्त्रज्ञ हे मूळ लॅटिनच्याही मागे, इंडो-युरोपीय भाषांच्या समान पूर्वजापर्यंत नेतात. त्याच मुळाची संस्कृतातील शाखा म्हणजे वैदिक 'सच्' हा धातू. अर्थ : सोबत असणे, अनुसरणे. त्यापासून 'सचिव' हा शब्द झाला. सचिव म्हणजे मुळात सोबती, मग राजाच्या निकटचा साहाय्यक. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले गेले, तेव्हा 'सुरनीस'च्या जागी 'सचिव' आला आणि अण्णाजी दत्तो त्या पदावर होते. भोर संस्थानच्या अधिपतींनी 'पंतसचिव' हे नाव संस्थान विलीन होईपर्यंत चालवले. 'सखा' हा शब्दही याच कुळातला मानला जातो. त्याचा लॅटिन भाऊ 'सोशियस', आणि त्यावरून 'सोशल' व 'सोसायटी'. मंत्रालयातला सचिव, अभंगातला सखा, गृहनिर्माण सोसायटी आणि पोर्शियाच्या दारातला सूटर अशी ही भाऊबंदकी आहे. इंग्रजी 'सेक्रेटरी' मात्र यात बसत नाही. तो 'सीक्रेट'वरून, म्हणजे गुपित राखणारा या अर्थाने आला.

मराठीतला माग

'मागे जाणे' ते 'मागणे' हा लॅटिन-फ्रेंच-इंग्रजी प्रवास मराठीने स्वतःच्या वाटेने पूर्ण केला आहे. 'माग' म्हणजे पाऊलखूण, वाट. चोराचा माग काढतात तो हाच. 'मागे', 'मागोमाग', 'मागोवा' हे त्याचे सोयरे. संस्कृत 'मार्ग' हे या सर्वांचे मूळ, आणि शोध घेणे या अर्थाच्या 'मार्गयति' या रूपापासून 'मागणे' हे क्रियापद आले. माग काढत जाणारा शोधतो आणि शोधणारा शेवटी मागतो. त्यामुळे 'दाद मागणे' आणि 'मुलीला मागणी घालणे' हे दोन्ही व्यवहार मराठीत एकाच क्रियापदावर चालतात, आणि 'सूटर'चे दोन मुख्य अर्थही नेमके हेच आहेत. दाद हा शब्द फारसी. त्याचा अर्थ न्याय. फिर्यादही फारसीच, म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. दावा अरबीतून आलेला. कोर्टाचे शब्द बाहेरून आले आणि मागण्याचे क्रियापद घरचे राहिले.

वर आणि वधूयु

संस्कृतात 'सूटर'ला सर्वांत जवळचा शब्द 'वधूयु'. वधूची इच्छा धरणारा, असा त्याचा अर्थ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्येच्या विवाहसूक्तात सोम हा वधूयु आहे आणि अश्विनीकुमार 'वर' आहेत. येथे 'वर' म्हणजे नवरदेव नव्हे. 'वृ' म्हणजे निवडणे, आणि वर म्हणजे वधूची निवड करून तिला मागायला जाणारा. सोमाच्या वतीने अश्विनीकुमार वधूपित्याकडे गेले, असा तो प्रसंग आहे. हाच रिवाज कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तही दिसतो. शंकर स्वतः हिमालयाकडे जात नाहीत, सप्तर्षींना पाठवून पार्वतीला मागणी घालतात. नंतरच्या काळात मागायला जाणारा आणि लग्न करणारा यांतला भेद पुसला गेला आणि 'वर' म्हणजे नवरा मुलगा हा अर्थ उरला. 'स्वयंवर' या शब्दात निवडीचा मूळ अर्थ टिकला, पण तेथे निवडणारी वधू आहे.

धर्मशास्त्रांनी सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांत मागणाऱ्याची जागा बदलत जाते. ब्राह्म विवाहात कन्येचा पिता स्वतः विद्वान वराला बोलावून कन्यादान करतो. म्हणजे येथे वर मागत नाही, त्याला आमंत्रण येते. आसुर विवाहात वर धन देऊन कन्या घेतो. गांधर्व विवाहात दोघांची परस्परसंमती पुरते. प्रतिष्ठेच्या उतरंडीत ब्राह्म वर आणि आसुर खाली होता.

लग्नाच्या विधीत अनुसरण्याची दिशा आणखी स्पष्ट होते. सप्तपदीच्या सातव्या पावलावर वर वधूला आपली सखी हो आणि माझे व्रत अनुसरणारी हो असे सांगतो. लॅटिन 'सेक्वी'चा भाऊबंद असलेला 'सखा' हा शब्द त्या मंत्रात आहे, पण मागे चालण्याची जबाबदारी वधूवर आहे. इंग्रजी शब्दात पुरुष मागे चालणारा आहे.

कोण कोणाच्या मागे

मराठी बोलीत विवाह ठरवण्याचे वाक्प्रचार दोन्ही दिशांनी जातात. 'मुलीला मागणी आली' म्हणतात तेव्हा मुलाकडचे मागणारे असतात. 'मुलाला मुली सांगून येऊ लागल्या' म्हणतात तेव्हा मुलीकडचे. मुलीच्या बापाने स्थळे पाहत जोडे झिजवायचे, पत्रिका पाठवायच्या, मध्यस्थांना गाठायचे आणि वरपक्षाच्या 'पसंत आहे' या निरोपाची वाट पाहायची, हे चित्र विसाव्या शतकातील मराठी मध्यमवर्गीय घरांत नेहमीचे होते. तेथे 'सूटर'ची सारी लक्षणे वधूपित्यात दिसतात. खेटे घालणारा तो, तिष्ठणारा तो आणि निकाल ऐकणाराही तोच. लग्नाची घाई झालेल्या तरुणाला मराठीत 'लग्नाळू' असा मिश्कील शब्द आहे, पण लग्नाळूने स्वतः मुलीच्या दारी जाऊन मागणी घालावी अशी रीत नव्हती. एका शब्दात 'सूटर' सांगता येईल असा पर्याय मराठीत रुळला नाही, याचे कारण या व्यवस्थेत सापडते.

पैसा कोणीकडून कोणीकडे जातो यावरही मागणाऱ्याची जागा ठरत असे. महाराष्ट्रातील अनेक जातींत वरपक्ष वधूपक्षाला 'देज' देई. अशा ठिकाणी मुलगी मागायला मुलाकडचे जात. जेथे हुंडा रूढ झाला तेथे मुलीचा बाप वरपक्षाच्या दारी जाऊ लागला. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले.

म्हैसूरकडील कन्नडातही असेच दुहेरी चित्र आहे. म्हैसूर शहरातील कुवेंपुनगरासारख्या वस्तीत लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात दोन शब्दप्रयोग हमखास कानी पडतात : 'हेण्णु नोडुवुदु', म्हणजे मुलगी पाहणे, आणि 'हेण्णु केळुवुदु', म्हणजे मुलगी मागणे. 'केळु' या क्रियापदाचे कन्नडात दोन अर्थ आहेत, विचारणे-मागणे आणि ऐकणे. बोलणी पक्की झाली की 'निश्चितार्थ' होतो, म्हणजे मराठी साखरपुडा. जुन्या म्हैसूर राज्यातील अनेक जातींत देजाला समांतर 'तेर' देण्याची रूढी होती. हा शब्द 'देणे, भरणे' या अर्थाच्या 'तेरु' या धातूवरून आला, आणि कराला असलेला 'तेरिगे' हा कन्नड शब्दही त्याच धातूचा. कोर्टाच्या शब्दांत तर मराठी आणि कन्नड यांचे गोत्र जवळपास एक आहे. वादी, प्रतिवादी, फिर्याद आणि दावा हे दोन्हीकडे आहेत. कन्नड वकील दाव्याला 'दावे' म्हणतात आणि तो दाखल करण्याला 'दावे हूडुवुदु'. 'हूडु' म्हणजे जुंपणे, बैल नांगराला जुंपतात तसे. मराठीत दावा लावतात, ठोकतात. म्हैसुरात तो जुंपतात.

कुवेंपुनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या कुप्पळ्ळि वेंकटप्प पुट्टप्प, म्हणजे कुवेंपु (१९०४–१९९४), यांनी शेक्सपियरच्या एका सूटरला कन्नडात आणले आहे. 'टेम्पेस्ट'वर आधारलेले त्यांचे 'बिरुगाळि' हे नाटक आहे. मूळ नाटकात मिरांडावर प्रेम करणाऱ्या फर्डिनंडला तिचा बाप लाकडाचे ओंडके वाहायला लावतो, आणि राजपुत्र असूनही तो मुकाट वाहतो. मागणाऱ्याने चाकरी करून लायकी सिद्ध करायची, हा 'सूटर' शब्दातील जुना सरंजामी अर्थ तेथे रंगमंचावर उतरतो.

नाटकातले उमेदवार आणि म्हैसूरचा कायदा

मराठी रंगभूमीचा आरंभच स्वयंवराने झाला. विष्णुदास भावे यांचे १८४३ मधील सांगलीतील 'सीतास्वयंवर' हे पहिले मराठी नाटक मानले जाते, आणि त्याला प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांतून. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. तेथे सुभद्रेसाठी दोन उमेदवार आहेत : बलरामाच्या पसंतीचा दुर्योधन आणि यतिवेषात द्वारकेत शिरलेला अर्जुन. मनधरणी करणारा पुरुष मराठी रंगभूमीवर पुराणकथेच्या आडून आधी आला. १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा'त समकालीन सूटर दाखवला. तो म्हातारा, श्रीमंत भुजंगनाथ. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाला भुललेला बाप कांचनभट यांच्यामार्फत त्याची मागणी पोचते. ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे तिला कोणी विचारत नाही.

भुजंगनाथासारख्या उमेदवाराला कायद्याने अडवण्याचे पाऊल म्हैसूर संस्थानाने 'शारदा'च्या पाच वर्षे आधी उचलले होते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत १८९४ मध्ये तेथे बालविवाह प्रतिबंधक नियम झाला. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे आणि ५० वर्षांवरील पुरुषाने १४ वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हे दोन्ही त्याने दंडनीय ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही वयोमर्यादा १९२९ च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आली. महाराष्ट्रात तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला. हे नाव देवलांच्या नायिकेवरून पडलेले नाही. कायद्याचा मसुदा मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावाचे ते मराठी रूप आहे.

दादाजी विरुद्ध रखमाबाई

'सूटर'चे दोन अर्थ, लग्नाचा आणि कोर्टाचा, एकाच माणसाच्या बाबतीत आमनेसामने आले ते मुंबईच्या एका खटल्यात. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या ११ व्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्यांनी शिक्षण चालू ठेवले. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. या प्रकारच्या दाव्याला वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणतात. त्याचे मूळ हिंदू धर्मशास्त्रात नसून इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांत आहे.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद असा होता की पुनःस्थापना करायची तर आधी काही स्थापित झालेले हवे. हे दोघे कधी एकत्र राहिलेच नव्हते. लहानपणी, संमती देण्याचे वय नसताना झालेल्या लग्नाच्या आधारावर जाणत्या स्त्रीला नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरवला गेला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जाण्याचा आदेश दिला, नाहीतर सहा महिन्यांची कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. वाद हिंदुस्थानातून इंग्लंडपर्यंत पोचला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी निकालाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई पुढच्या वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करून १९५५ मध्ये निवर्तल्या.

जुन्या इंग्रजी अर्थाने दादाजी हे सूटर होते : न्यायासनापुढे दाद मागणारे. नव्या अर्थाने ते सूटर कधीच नव्हते. लग्नाच्या वेळी त्यांनी रखमाबाईंची मनधरणी केली नव्हती, कारण निर्णय रखमाबाईंच्या हाती नव्हताच. इंग्रजी कायद्यातील दाव्याचा प्रकार हिंदुस्थानात आला, पण त्यामागे गृहीत धरलेली स्त्रीची संमती बालविवाहात नव्हती. पिन्हे यांच्या निकालातील पेच हाच होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापूर्वीच्या वादळी चर्चेत हा खटला वारंवार पुढे आला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे.

आजचा वापर आणि मराठी पर्याय

'सूटर' हा शब्द रोजच्या इंग्रजी बोलण्यातून मागे पडला आहे. कादंबऱ्या, नाटके, कायदा आणि अर्थवृत्ते येथे तो टिकून आहे. टाटा स्टील आणि ब्राझीलची सीएसएन या दोन कंपन्या २००७ मध्ये कोरस ही अँग्लो-डच पोलाद कंपनी विकत घेण्यासाठी चढाओढ करत होत्या, तेव्हा इंग्रजी वार्ताहरांच्या भाषेत दोघी सूटर होत्या. जानेवारीअखेरच्या लिलावात सीएसएनची बोली प्रतिशेअर ६०३ पेन्सवर थांबली आणि टाटांची ६०८ पेन्सची बोली जिंकली. येथेही जुने नाते तसेच आहे : बोली लावणारा मागे लागतो, 'हो' म्हणायचा अधिकार भागधारकांचा.

विक्रम सेठ यांच्या १९९३ च्या 'अ सूटेबल बॉय' या कादंबरीच्या नावात याच कुळातले विशेषण आहे. तेथे नायिका लता हिच्यासाठी तीन उमेदवार आहेत, पण मुलगा शोधत फिरणारी तिची आई आहे. मराठी वधू-वर जाहिरातींतील 'अनुरूप' हा शब्द 'सूटेबल'शी रचनेनेही जुळतो, कारण 'अनु' म्हणजे मागोमाग.

मराठीत लिहिताना या शब्दाला एकच पर्याय सर्वत्र चालणार नाही. निकालपत्रात 'वादी', 'पक्षकार' किंवा 'दावा लावणारा' म्हणावे. शेक्सपियर किंवा होमरच्या संदर्भात 'विवाहेच्छू', 'मागणी घालणारा' किंवा 'उमेदवार' म्हणावे. उमेदवार हा फारसी 'उमेद'पासून आलेला, आशा धरून असलेला, आणि निवड होईपर्यंत थांबणारा हा भाव त्यात पुरेपूर आहे. कंपन्यांच्या बातमीत 'इच्छुक खरेदीदार' पुरतो. मराठी घरातल्या ठरवून होणाऱ्या लग्नाविषयी लिहिताना मात्र आधी पाहावे लागते की मागणी कोणी घातली, मुलाने, त्याच्या आईवडिलांनी की मुलीच्या बापाने. त्यावर शब्द ठरतो.